झहारीकाकांची मान

आमच्या सामायिक अंगणातल्या झहारीकाकांनी एका टोपीपायी देश विकला, असं सोफियातल्या आमच्या युचबुनार वस्तीत अजून म्हणतात. टोपी काळ्या कोकराच्या कातड्याची, रुमानियन लोकांनी गुपचूप दिलेली. ती डोक्यावर चढली आणि त्या दिवसापासून काकांची मान ताठली ती ताठलीच. पापाचं वजन, दुसरं काय! बेकरीवाला हे सांगतो तेव्हा ‘पापाचं’ या शब्दावर पिठाचा हात फळीवर आपटतो. धोबीण स्तोयनामावशी आधी इकडे बघते, तिकडे बघते, मग इतक्या हळू सांगते की तीनच घरांना ऐकू जातं.

टोपीची गोष्ट खोटी. म्हणजे टोपी आहे, पण ती काकांच्या वडिलांची, आणि तिला कसर लागलेली. इतकी भिकार लाच द्यायला रुमानियन काही वेडे नाहीत. मानेचं मात्र खरं आहे.

आमच्याकडे अर्धं बोलणं मानेनंच चालतं. डावी-उजवीकडे हलवली की हो. हनुवटी वर उडवून मान खाली आणली की नाही. सोबत जिभेनं ‘च्’ केलं की अजिबात नाही, पुन्हा विचारू नकोस. बाया दारात बसून मिरच्या भाजतात तेव्हा तासभर कुणी तोंड उघडत नाही आणि तरी दोन भांडणं होऊन मिटलेली असतात. अशा मुलखात झहारीकाका एकटे मान न हलवणारे. भाजीवाल्यानं विचारलं, “कोबी देऊ?” की ते छाती पुढे काढून म्हणायचे, “हो.” एवढंच. पोस्टातला शिक्का पडावा तसं. मागून हाक मारली तर मान वळायची नाही, आख्खे काका वळायचे, कपाट सरकवल्यासारखे.

मी त्यांची नक्कल फार छान करते. सगळ्यांचीच करते, पण त्यांची केली की अंगणात हसून हसून कुणीतरी खाली बसतंच. एकदा मी ‘हो’ करत होते आणि सगळे अचानक गप्प झाले. मागे काका उभे. हातात चुन्याची बादली.

“खांदे जास्त उचललेस, राइना,” ते म्हणाले. “मी खांदे उचलत नाही.” आणि गेले. खरंच, नाही उचलत ते. मी तेव्हापासून सुधारलंय.

काका चुना लावणारे. भिंती, कुंपणं, झाडांचे बुंधे, आणि फुटबॉलच्या मैदानावरच्या रेषा. घरात ते आणि त्यांचा पुतण्या स्पास. भाऊ आणि वहिनी एकाच हिवाळ्यात तापानं गेले तेव्हा स्पास रांगत होता. लग्न करा, बाई आणा, म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. “बाई येईल, मग हा कुणाचा?” असं म्हणून काकांनी तो विषय मिटवला. स्पास मोठा झाला तो चेंडू मारत. काकांनी नुकत्याच पांढऱ्या केलेल्या भिंतीवर गोल गोल मातकट ठसे. स्तोयनामावशी ओरडायची, “अहो, कान उपटा त्याचे!” काका बादली उचलायचे. “भिंत आपली, चुना आपला, पोरगंही आपलंच.” पुन्हा पांढरी करायचे.

मग एके वर्षी स्पासला राष्ट्रीय संघात घेतलं. बाल्कन चषकाचा सामना, सोफियात, रुमानियाशी. मी तेव्हा दुसरीत होते. आमच्या अंगणातला मुलगा राजाच्या देशासाठी खेळणार म्हणून बेकरीवाल्यानं पावाला फुटबॉलचा आकार दिला होता. तो आतून कच्चा राहिला, पण लोकांनी खाल्ला.

त्याच आठवड्यात गुत्त्यावर कुणीतरी म्हणालं, व्हिएन्नाच्या एका क्लबचा माणूस येतोय. पोरानं एक गोल घातला की उचललाच म्हणून समजा. आणि काका, दोन पेले झालेले, हसत हसत म्हणाले, “मग न घातलेलाच बरा. माझी भिंत कोण घाण करणार?”

सगळे हसले. स्पासही हसला. असं वाक्य पुढे वर्षानुवर्षं जिवंत राहील, हे तेव्हा कुणाला माहीत!

सामन्याच्या आधी फुटबॉल महासंघाच्या एका चष्मेवाल्या साहेबानं मैदानावरची माणसं गोळा केली. फाटकवाले, चेंडू आणून देणारे, रेषा आखणारे. आवाज नाकातून. “सज्जनहो! युरोप आपल्याकडे बघतंय! पंच परदेशी आहेत! आपली मान त्यांना उलटी दिसते! त्यांचं ‘हो’ वर-खाली, त्यांचं ‘नाही’ डावी-उजवीकडे! कुणी काही विचारलं तर त्यांच्या रीतीनं उत्तर द्या, देशाचं हसं करू नका! आणि लक्षात ठेवा, आपलं ‘नाही’ हनुवटी वर उडवून सुरू होतं, त्यांचं ‘हो’ हनुवटी खाली टाकून. आधी खाली!”

काकांनी हे फार मनावर घेतलं. रोज संध्याकाळी मला ओट्यावर बसवायचे. मी परदेशी.

“विचार.”

“काका, गोड पाहिजे?”

काकांची मान डावी-उजवीकडे जायला निघायची, मध्येच अडकायची, मग घोड्यासारखी खाली जायची. मी हसून लोळायची. “आधी खाली, काका! वर नाही!”

“आधी खाली,” ते स्वतःला सांगायचे. “पुन्हा विचार.”

आठवडाभरात जमलं. इतकं जमलं की आईनं सूप आणून दिलं आणि “आणखी वाढू?” म्हणून विचारलं तेव्हा काका उपाशी राहिले.

सामना मी पाहिला नाही, पण तो इतक्यांच्या तोंडून ऐकलाय की मी एकटी सगळं मैदान करून दाखवू शकते. बरोबरी चालू होती. शेवटाला थोडाच वेळ उरलेला. स्पासनं डाव्या पायानं असा चेंडू हाणला की गोलरक्षक बघतच राहिला. चेंडू खांबाला घासून आत गेला, जुन्या जाळीची गाठ तुटली, आणि तिथून थेट बाहेर येऊन काकांच्या पायाशी थांबला. ते गोलाच्या मागे चेंडू आणून द्यायला बसले होते. रुमानियन खेळाडू हात वर करून धावले, बाहेरून गेला, बाहेरून गेला! रेषापंच लांब, चिखलात घसरलेला. मैदानात कल्लोळ.

पंच काकांपर्यंत चालत आला. बोटानं खांब दाखवला. मग बोट आत, बोट बाहेर. भुवया वर. आतून?

काकांनी मान खाली घातली. वर केली. एकदाच केली असती तरी पुरे होतं. पण गोल आपल्या पोराचा! त्यांनी मान वर-खाली, वर-खाली, वर-खाली हलवली, त्यांच्या रीतीनं, युरोपच्या रीतीनं, जीव तोडून. हो, हो, हो.

आणि भरलेल्या मैदानानं काय पाहिलं? आपलाच माणूस, स्पासचा काका, गोलाच्या अगदी मागे बसलेला, सांगतोय: नाही, नाही, नाही.

पंचानं मान डोलावली आणि हात हलवून गोल रद्द केला. चार मिनिटांनी रुमानियानं एक घातला. संपलं.

“चुना लावायचा तो भिंतीला, यानं देशालाच लावला,” हे वाक्य त्याच संध्याकाळी जन्माला आलं. दगड दुसऱ्या दिवशी आले. पण दगडांचं काकांना काही नव्हतं. त्यांना स्पासचं होतं.

ते भांडण आमच्या भिंतीपलीकडून ऐकू आलं. आई माझे कान झाकत होती आणि तिचे स्वतःचे उघडे होते.

“मी ‘हो’च म्हटलं रे!”

“माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी! सगळ्यांनी पाहिलं!”

“त्यांच्या रीतीनं म्हटलं. त्यांच्याकडे ते ‘हो’ असतं.”

“असं? मग त्यानं गोल का नाही दिला?”

 हे काकांनाही कळेना. पंच परदेशी, रीत परदेशी, उत्तर बरोबर. मग का?

“मी सांगतो का,” स्पास म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. “भिंत घाण करायला कुणी राहणार नाही म्हणून. तूच म्हणाला होतास. मला इथेच बसवायचं होतं तुला.”

“स्पास…”

“हो की नाही ते सांग. तोंडानं सांग, काका. तुझ्या मानेवर माझा विश्वास राहिला नाही.”

काका “नाही, नाही” म्हणत राहिले. दार वाजलं.

त्या वसंतात स्पास हंगेरीत भाजीचे मळे पिकवायला जाणाऱ्या टोळीबरोबर निघून गेला. व्हिएन्ना नाही, फुटबॉल नाही. मिरच्या आणि कोबी. आणि काकांनी मान हलवणं सोडलं. कुणाला काही सांगून नाही. एक दिवस आमच्या लक्षात आलं, ते फक्त तोंडानं बोलतात.

मळेवाले हिवाळ्याच्या तोंडावर, संत दिमितरच्या सणाला घरी परततात. दरवर्षी काका टोपी घालून स्टेशनवर जायचे. गाडीतून माणसं उतरायची, हंगेरियन पिशव्या, हंगेरियन मिशा. काका आख्खे इकडे वळायचे, आख्खे तिकडे. मग फलाट रिकामा व्हायचा. परत येताना ते खारवायच्या कोबीचा एक गड्डा जास्त आणायचे. “येतो म्हणालाय का?” असं आईनं विचारलं की म्हणायचे, “नाही.” शिक्का.

मधल्या काळात खरी गोष्ट बाहेर आली ती अनास्तास वेटरच्या तोंडून. कुणाच्या तरी नामदिनाचं, म्हणजे नावाच्या संताच्या सणाचं, जेवण होतं, अंगणात टेबलं लावलेली. अनास्तास स्टेशनजवळच्या हॉटेलात वाढायचा आणि साहेबलोकांच्या गोष्टी सांगायचा. त्याला सगळं ‘मी’ पासूनच सुरू करायची सवय. “मी! मी त्या पंचाला अंडी वाढली! बाल्कन चषकाच्या पंचाला! मी विचारतो, कॉफी? तो मान खाली घालतो. मी कॉफी परत नेतो. तो पुन्हा बोलावतो. मी म्हणतो, साहेब, इथे मान उलटी असते. तुम्हाला आमचा माणूस वर-खाली करताना दिसला की समजा, नाही! तो इतका खूश, वहीत… नाही, वही नव्हती, सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतलं त्यानं! म्हणाला, आज कामाला येईल!”

टेबल हसलं. अनास्तासही हसला. मग हसू एकेकाच्या तोंडावर विझत गेलं, कारण सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

साहेबानं काकांना पंचाची रीत शिकवली होती. वेटरनं पंचाला काकांची.

काकांनी पेला ठेवला. “कामाला आलं का त्याच्या?” त्यांनी विचारलं.

अनास्तासला कळेना. “आलं असेल की.”

“हो,” काका म्हणाले आणि उठून घरात गेले.

तुम्हाला वाटेल त्यानंतर लोकांनी टोपीची गोष्ट सोडली. अजिबात नाही. टोपी सांगायला सोपी आहे. वेटर, पंच, कॉफी, दोन माना, कोण एवढं लक्षात ठेवणार! आणि काकांना लोकांचं नकोच होतं. त्यांना आता उत्तर सापडलं होतं आणि ते फक्त एकाला द्यायचं होतं.

तो गेल्या दिमितरला आला. दोघांनी धरून गाडीतून उतरवला. हंगेरीतली ओल छातीत बसलेली. मळेवाल्यांचा मुकादम म्हणाला, “डॉक्टर म्हणाला घरी न्या,” आणि स्पासची पिशवी काकांच्या पायाशी ठेवली. काकांनी स्पासचा हात आपल्या खांद्यावर घेतला. तसंच ट्रामपर्यंत चालवत नेलं.

हिवाळाभर स्पास भिंतीकडच्या पलंगावर होता. काका चूल पेटवायचे, दूध तापवायचे, उशी फिरवायचे. बोलणं कोबीचं, सरपणाचं, व्हितोशा डोंगरावर किती बर्फ पडलं त्याचं. सामन्याचं नाही. मी आईचं सूप घेऊन जायची आणि बाहेर येऊन काकांच्या मागे लागायची.

“सांगा ना त्याला अनास्तासचं!”

“त्यानं विचारलं नाही.”

“तो नाही विचारणार!”

“मग मी कसं सांगू? तो म्हणेल, आता मी मरतोय म्हणून गोड बोलतोय.”

स्पासची मान मात्र विचित्र झाली होती. सकाळी बरा असला की आमच्यासारखी हलायची. ताप चढला की हंगेरीसारखी. मी “आणखी सूप?” विचारायची आणि वाटीकडे हात येतो का ते बघून ठरवायची.

एक मार्चला मी सगळ्यांच्या मनगटाला लाल-पांढरे दोरे बांधले. पहिला करकोचा दिसेपर्यंत ते सोडायचे नसतात. काकांना बांधताना मला राहवलं नाही.

“काका, पैज. करकोचा दिसायच्या आत तुमची मान हलवून दाखवते.”

“आणि नाही हलली तर?”

“तुम्ही म्हणाल त्याची नक्कल करीन.”

“हलली तर?”

“तुम्ही माझी नक्कल करायची.”

काकांनी विचार केला. “करकोच्यापेक्षा जास्त टकटक करावी लागेल मला.” पलंगावरून स्पास हसला, आणि त्याला खोकला आला, आणि तरी तो हसत होता. काका त्याच्याकडे बघत म्हणाले, “लागली पैज.”

मी खूप प्रयत्न केले. कोंबडीचं पीस मानेवर फिरवलं. तोंडात पावाचा मोठा घास असताना विचारलं, “काका, पाव ताजा आहे ना?” ते चावत राहिले, चावत राहिले, गिळलं, पाणी प्यायले. “हो.” स्पास प्रत्येक वेळी माझ्या बाजूनं. “सोडू नकोस, पोपट,” असं घोगऱ्या आवाजात म्हणायचा.

मग एका दुपारी, मी वाटी घेऊन आत गेले तेव्हा ऊन पलंगावर होतं आणि स्पास भिंतीकडे बघत होता.

“काका,” तो म्हणाला. “आत होता का रे?”

काकांच्या हातात उशी होती. मला वाटलं, आता. आता मान हलणार. पण त्यांनी उशी खाली ठेवली, पलंगाशी गुडघ्यावर बसले आणि मान खांबासारखी ठेवून तोंडानं म्हणाले, एकेक शब्द सुटा, “आत होता. खांबाला घासून आत. गोल होता. मी ‘हो’ म्हटलं. पंचाला सकाळी कुणीतरी आपली मान शिकवली होती. अनास्तासनं. वेटर. मला माहीत नव्हतं. तो दिवस मला दुसऱ्यांदा मिळाला तर मी ओरडून सांगेन. मला तुला ठेवून घ्यायचं होतं, ते खरं. पण असं नाही.”

इतकं लांब बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

“पटतंय का रे?” त्यांनी विचारलं.

मी काकांच्या तोंडाकडे बघत होते. कुणीही बघितलं असतं. स्पासला खोकल्याची उबळ आली, आवाज गेला, आणि मी वळले तोवर त्याची मान हलत होती. वर-खाली. मग थांबली. डोळे मिटले, ओठ हसल्यासारखे की दुखल्यासारखे, कोण जाणे.

आमच्या अंगणात त्याचा अर्थ एक. हंगेरीत दुसरा. ताप होता, पण फार नव्हता.

त्यानंतर तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गेला.

स्मशानात शवपेटीचं झाकण लावायच्या आधी तिथल्या माणसानं काकांकडे पाहिलं. “लावू?” काकांनी तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. पुन्हा उघडलं. आम्ही सगळे उभे. साधी मान हलवली असती तर चाललं असतं, सगळ्यांनी समजून घेतलं असतं. ते तसेच उभे राहिले, टोपी हातात, कसर लागलेली, आणि आवाज येईपर्यंत थांबले. “हो.”

त्याच आठवड्यात स्तोयनामावशी दोरीवर चादर टाकता टाकता ओरडली, “करकोचा! करकोचा!” चादर चिखलात. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. खरंच होता, चुन्याच्या खड्ड्यावरून नदीकडे चाललेला, पाय मागे लोंबत. मुलं दोरे सोडून चेरीच्या फांदीला बांधायला धावली. काका वर बघायला पाठीतून आख्खे मागे वाकले.

“हरलीस,” ते म्हणाले.

“हरले.”

त्यांनी मनगट पुढे केलं. मी त्यांचा दोरा सोडला. त्यांच्या हाताला चुना होता.

“आता नक्कल.”

“सांगा, कुणाची? साहेबाची करू? बेकरीवाल्याची?”

“स्पासची,” काका म्हणाले. “शेवटची. मी गुडघ्यावर होतो, डोळ्यांत पाणी होतं, मला नीट दिसलं नाही. तुझं लक्ष असतं. हनुवटी आधी कुठे गेली, ते करून दाखव.”

मी भिंतीला टेकले. स्पासच्या चेंडूच्या त्याच भिंतीला. डोळे मिटले. ओठ तसे केले. अंगणात कुणी हसत नव्हतं.

मी हनुवटी आधी खाली नेली, ओट्यावर काकांना शिकवली होती तशी. मग वर.

 मग काकांचा आवाज आला.

“परत.”

पैज एकाच नकलेची ठरली होती. त्याची मी त्यांना आठवण करून दिली नाही.